वाचकांचे प्रश्न : खाण संपल्यावर उरलेली जमीन

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे वृक्षारोपणाविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या जमिनीविषयी आहेत : दगड, चिरे किंवा कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेली जागा. मुंबईकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. डेव्हिड ससून ग्रंथालयाचा पिवळसर मालाड दगड काय किंवा आपल्या इमारतींच्या काँक्रीटमधली काळी खडी काय, ती याच परिसरातल्या टेकड्या फोडून निघाली आहे आणि त्या टेकड्यांच्या उघड्या बाजू पवई, कांदिवली, तुर्भे, वसई या पट्ट्यात अजून दिसतात. निवडक पत्रे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला नवी मुंबईतील एका बंद दगडखाणीच्या उतारावर झाडे लावण्याची परवानगी मिळाली आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेने तेथेच रोपे लावली होती. त्यांतली बरीच ऑगस्टपर्यंत वाहून गेली आणि उरलेली मार्चमध्ये वाळली. यंदा कोणत्या जातीची झाडे लावावीत?
— एक प्राध्यापिका, तुर्भे

उत्तर : ऑगस्टमध्ये वाहून गेलेली रोपे आणि मार्चमध्ये वाळलेली रोपे दोन वेगळ्या कारणांनी गेली, आणि त्या दोन्ही कारणांचा झाडाच्या जातीशी फारसा संबंध नाही. त्यामुळे कोणते झाड लावावे हा प्रश्न मी उत्तराच्या शेवटी घेतो.

दगडखाणीत साधारणपणे तीन प्रकारच्या जागा असतात : सुरुंगाने फोडलेला उभा कडा, खाणीचा सपाट तळ, आणि दगड लागेपर्यंत वरून खरवडून काढलेली माती, मुरूम व क्रशरची भुकटी यांचे ढीग. कड्याला आपण हात लावू नये. त्यावरचे सुटे दगड उतरवणे हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे, आणि भेगांमध्ये वड, पिंपळ, उंबर हे पक्ष्यांच्या विष्ठेतून आपले आपण रुजतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा सुळका उघडाच शोभतो. दिसेल तो प्रत्येक खडक हिरवा केला पाहिजे, हा हट्ट मला पटत नाही.

आपण ज्याला उतार म्हणता तो बहुधा ढिगाचा उतार आहे. ट्रकमधून ओतलेला सुटा माल साधारण ३५ ते ३८ अंशांच्या कोनात स्थिरावतो. हा कोन कोरड्या मालाला जेमतेम पेलवतो. पाणी मुरले की मालाचे वजन वाढते, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ढीग सरकू लागतो. म्हणूनच कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा अधिक नसावा, अशी अट सामान्यतः घातली जाते. आपल्या जागेचा उतार याहून तीव्र असेल, तर हाती असलेला पैसा रोपांऐवजी आधी पोकलेनच्या भाड्यावर खर्च करावा. उतार कमी करून त्यावर टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याला आतल्या बाजूस किंचित ढाळ द्यावा म्हणजे पाणी कडेवरून खाली कोसळणार नाही, आणि पायथ्याशी दगडांनी भरलेल्या जाळीच्या पेट्यांची भिंत घालावी. दगड तर तेथेच मुबलक आहे.

यानंतर पाण्याची वाट. मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा सरींसमोर उघड्या ढिगावर काय होते ते पाहा. थेंबाच्या माऱ्याने मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसून पृष्ठभागावर पापुद्रा धरतात, पाणी मुरेनासे होते, वाहू लागते, त्याच्या बोटभर रेघा होतात आणि महिनाभरात त्या रेघांच्या घळी बनतात. आपल्या आधीच्या संस्थेची रोपे बहुधा अशाच घळींतून गेली. ढिगाच्या माथ्यावर आडवा चर खणून वरचे पाणी बाजूने, दगडी अस्तराच्या ओहळातून खाली नेणे हे सर्वांत आधीचे काम आहे आणि ते मे महिना संपण्यापूर्वी व्हायला हवे.

पहिल्या पावसाळ्यात उतारावर गवत आणि द्विदल वनस्पती एवढेच लावावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. उतार बांधून घेण्यासाठी समपातळीत वाळ्याच्या ओळी लावाव्यात. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत पहिल्या वर्षीच ती दोन-तीन मीटर खोल जाऊ शकतात, आणि दाट ओळीमागे वाहून आलेली माती साठून आपोआप छोटा बांध तयार होतो. दोन ओळींच्या मध्ये मारवेल, पवन्या, कुसळी अशी डोंगरी गवते आणि त्यांच्याबरोबर ताग, धैंचा किंवा स्टायलो पेरावे. जेथे उतार फार उघडा आहे तेथे काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवावी. ती काही वर्षांत कुजून जाते, तोपर्यंत गवताने जागा धरलेली असते. जाळी जमिनीला चिकटून बसली पाहिजे. ती अधांतरी राहिली तर पाणी तिच्याखालून माती पोखरत जाते आणि वरून सारे ठीक दिसते.

द्विदल वनस्पतींचा आग्रह धरण्याचे कारण नत्र (नायट्रोजन) आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असते, परंतु नत्र जवळपास नसते, कारण नत्र खडकातून येत नाही. ते हवेतून सजीवांच्या मार्फत मातीत उतरते. इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या खाणींच्या पांढऱ्या ढिगांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की झाडोरा स्वतःच्या बळावर टिकण्यासाठी जमिनीत हेक्टरी साधारण १००० किलो नत्र साठावे लागते. एवढे नत्र रासायनिक खताच्या गोण्यांतून देता येत नाही, दिले तरी पहिल्या पावसात धुऊन जाते. मुळांवर गाठी धरणाऱ्या वनस्पती ते काही वर्षांत हळूहळू साठवतात.

आता मार्चमधले मरण. कठीण मुरमात खणलेला खड्डा जुलैत पाण्याने तुडुंब भरतो, त्यात मुळे गुदमरतात. आणि मार्चमध्ये तोच खड्डा कोरडा पडतो तेव्हा मुळांना बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून खड्डा मोठा करण्यापेक्षा त्याच्या तळाचा खडक पहारीने किंवा ब्रेकरने तडकवणे अधिक उपयोगाचे आहे. खड्ड्यातील भुकटीत निम्म्याच्या आसपास माती व चांगले कुजलेले खत मिसळावे आणि वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. सहा फुटी रोपांचा मोह टाळावा. उंच रोपाची पाने जेवढे पाणी मागतात तेवढे त्याची पिशवीत वळलेली मुळे देऊ शकत नाहीत. हात-दीड हात उंचीचे रोप अशा जागी अधिक वेळा तगते.

दुसऱ्या पावसाळ्यापासून टप्प्यांवर आणि तळाशी पांगारा, काटेसावर, करंज, शिरीष, आपटा, मोई ही झाडे, आणि उताराच्या कडांवर धायटी, कुडा अशी झुडपे लावावीत. धायटी खडकाळ उतारावर स्वतःहून येते, तिची मुळे घट्ट धरतात आणि जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. एक सूचना वेगळी करतो : मुसळधार पावसात विद्यार्थ्यांना उतारावर किंवा कड्याच्या पायथ्याशी नेऊ नये, मग उद्घाटनाचा दिवस कोणताही ठरलेला असो.

प्रश्न : आमची इमारत जुनी खदान भरून तयार केलेल्या जागेवर उभी आहे. बागेची जमीन दरवर्षी थोडी खचते, पावसात पाणी साचते, पाने पिवळी पडतात आणि गेल्या दोन पावसाळ्यांत मोठे गुलमोहर मुळांसकट कोसळले. माती बदलावी का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कांदिवली (पूर्व)

उत्तर : खचण्याची जागा इमारतीच्या लगत असेल, भिंतींना नव्या भेगा दिसत असतील किंवा जलवाहिन्यांचे सांधे सुटत असतील, तर हे पत्र आपण संरचना अभियंत्याला लिहायला हवे होते, बागेचा विचार त्याच्या अहवालानंतर करावा. जमीन केवळ बागेतच खचत असेल तर फार घाबरण्याचे कारण नाही. सुटा टाकलेला भराव स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षे बसत राहतो. खदान २० मीटर खोल असेल आणि भराव अवघा एक टक्का बसला, तरी वरची जमीन २० सेंटिमीटर खाली जाते. आपल्या इमारतीच्या बांधकामापूर्वी केलेल्या भूपरीक्षणाच्या कागदांत भरावाची खोली लिहिलेली असते. ते कागद विकासकाकडून मिळवून संस्थेच्या दप्तरी ठेवावेत.

पिवळ्या पानांचे कारण बहुधा डेब्रिज आहे. तुटलेल्या काँक्रीट व गिलाव्यातला चुना पावसाबरोबर मातीत झिरपतो, मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना ते शोषता येत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे दिसत असेल तर हेच घडत आहे. मातीचा नमुना दोन वेगवेगळ्या खोलींवरून घेऊन प्रयोगशाळेत सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढे तपासून घ्यावे. अशा मातीत आणखी चुना कदापि टाकू नये. बागकाम करणारी माणसे सवयीने टाकतात.

गुलमोहर कोसळण्यामागे मात्र भरावाचा वरचा दाबलेला थर आहे, असा माझा अंदाज आहे. भराव घालून झाल्यावर रोलर फिरवून पृष्ठभाग कडक केला जातो. मुळे त्यात शिरत नाहीत, वरच्या हातभर मातीतच पसरतात, आणि झाड मोठे झाले की जोराच्या वाऱ्यात उलटते. ही गोष्ट अमेरिकेने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. तेथे १९७७ साली कोळसा खाणींच्या पुनर्वसनाचा कायदा झाला आणि ढिगारे कोसळू नयेत म्हणून खाणमालकांनी ते बुलडोझरने इतके दाबले, वर आक्रमक गवत इतके दाट पेरले, की धूप थांबली. पण जेथे पूर्वी घनदाट जंगल होते तेथे अनेक वर्षे झाड काही वाढेना. पुढे तेथील वनशास्त्रज्ञांनी सांगितले की वरचा निदान चार फुटांचा थर सैल ठेवा आणि गवत विरळ पेरा. उतार सरकू न देणे आणि मुळांना जागा देणे या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. खोलवर दाबणे आणि वर सैल ठेवणे हाच त्यातला व्यवहार्य मार्ग आहे.

आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की सगळी माती बदलण्याची गरज नाही. ज्या ठिकाणी झाड लावायचे तेथे दोन मीटर रुंदीचा पट्टा चार फूट खोल सैल करून त्यात खत मिसळावे, साचणाऱ्या पाण्याला चर काढून द्यावा, आणि करंज, कडुनिंब अशी अल्कधर्मी माती सहन करणारी झाडे निवडावीत. कललेले झाड तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच. भरावावर झाडे नीट वाढतच नाहीत असे कोणी म्हणाले, तर त्याला माहीम-धारावीच्या सीमेवरचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवावे. ती सुमारे ३७ एकर जागा एके काळी शहराची कचराभूमी होती आणि १९९४ पासून तेथे उद्यान आहे.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमच्या सामाईक जमिनीत चिरेखाण होती. चिरे संपल्यावर ठेकेदार निघून गेला आणि वीसेक फूट खोलीचा चौकोनी खड्डा राहिला. काही भाऊबंद म्हणतात की बाहेरून लाल माती आणून तो भरून टाकावा आणि काजू लावावेत. आम्ही मुंबईला असतो, सणावाराला जातो. काय करणे शहाणपणाचे होईल?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी हिशेब करून पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वीस फूट खोल खड्ड्याचा एक गुंठा भरायला सहाशे घनमीटरहून जास्त माती लागेल. आपला खड्डा दहा गुंठ्यांचा असला तरी सहा हजार घनमीटर झाली. एवढी माती कोठून येणार? दुसऱ्या कोणाच्या तरी डोंगराची साल काढूनच. एक खड्डा बुजवण्यासाठी दुसरा खड्डा करणे हा व्यवहार मला मान्य नाही, आणि तो आपल्याला परवडणाराही नाही.

चिरेखाणीची एक सोय अशी की तिचा आकार आखीव असतो. सगळा खड्डा एकसारखा न वापरता त्याचे भाग पाडावेत. सर्वांत खोल भाग पाण्यासाठी ठेवावा. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी झिरपेल, पण फेब्रुवारीपर्यंत राहिले तरी कोवळ्या कलमांना तेवढे पुरेसे आहे. उरलेल्या भागात खाणीतलाच टाकाऊ माल वापरावा. तुटके चिरे तळाशी, त्यावर बारीक चुरा, आणि सर्वांत वर माती. खाण सुरू करताना वरची पातळ माती बाजूला लोटलेली असते. ती बहुधा खड्ड्याच्या कडेला झुडपांखाली ढीग होऊन पडलेली सापडेल. ती जुनी माती बाहेरून विकत आणलेल्या मातीपेक्षा मोलाची आहे, कारण तिच्यात स्थानिक गवतांचे बी आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा थोड्याफार शिल्लक असतात. फार उंच रचून वर्षानुवर्षे ठेवली तर आतली जीवसृष्टी मरते, म्हणून ती लवकर वापरावी. एका बाजूची उभी भिंत फोडून तेथे उतरता रस्ता करावा. गुरे किंवा मुले आत पडली तर त्यांना बाहेर येण्याची वाट असली पाहिजे, आणि आपण गावी नसताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. उरलेल्या कडांना दगडी गडगा किंवा काटेरी कुंपण घालावे.

काजूविषयी बोलायचे तर काजूला पाणी तुंबलेले चालत नाही. जांभ्याचा तळ उघडा पडला की हवेने अधिक कठीण होतो. त्यात मीटरभर खड्डा खणून माती भरली तर पावसाळ्यात तो टाकीसारखा भरतो. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला भेग पाडून किंवा बाजूने नाळ काढून पाणी वाहून जाऊ द्यावे. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, त्यामुळे वर पसरलेले स्फुरदाचे खत झाडाला मिळत नाही. ते शेणखतात कालवून मुळांच्या जवळ द्यावे. चुना किती घालावा हे मातीची चाचणी करूनच ठरवावे. पहिली दोन वर्षे खड्ड्याच्या कडेने गिरिपुष्पाच्या फांद्या खोचून त्यांचा पाला वरचेवर कापून लागवडीच्या जागी मातीत घालत राहावा. त्यानंतर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ही कलमे सात-आठ मीटर अंतरावर लावावीत. शिमग्याला गावी जाल तेव्हा आच्छादन नवे करावे. गणपतीत पाण्याच्या वाटा पाहाव्यात.

आपल्या खाणीच्या बाजूला न फोडलेला कातळ असेल तर त्यावर माती पसरून झाडे लावण्याच्या भरीस पडू नये. पावसाळ्यात त्याच सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ‘सीतेची आसवे’ यांसारखी इवली फुले उमलतात, ती मातीच्या जाड थरात उगवत नाहीत. शिवाय राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. २०२२ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. पोकलेन सड्यावरून नेण्यापूर्वी कातळ झाडून, नीट निरखून घ्यावा. ठेकेदाराबरोबरचा करार आणि परवान्याच्या अटीही काढून पाहाव्यात. महाराष्ट्रात गौण खनिजांसाठी २०१३ चे स्वतंत्र नियम आहेत, आणि खाण सुरक्षित करून देण्याची जबाबदारी परवान्यात कोणावर टाकली आहे हे कळल्याशिवाय आपण स्वतःचा खर्च सुरू करू नये.

प्रश्न : मियावाकी पद्धतीने खाणीत दोन-तीन वर्षांत जंगल उभे करता येईल का? परदेशात अशी उदाहरणे आहेत असे म्हणतात.
— पदवीची विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर : मियावाकी पद्धतीत जमीन सुमारे मीटरभर खोल खणून, तिच्यात सेंद्रिय द्रव्य मिसळून, दर चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. म्हणजे या पद्धतीचा पायाच खोल, सुपीक केलेली माती हा आहे, आणि खाणीत नेमकी तीच नसते. ती विकत आणून घातली तर छोट्या तुकड्यावर पद्धत यशस्वी होईल, पण मग त्याला खाणीचे पुनर्वसन न म्हणता मोठ्या कुंडीतली लागवड म्हणावे लागेल.

परदेशातले मला सर्वांत आवडणारे उदाहरण केनियातल्या मोंबासाजवळचे आहे. तेथे सिमेंटसाठी प्रवाळाचा चुनखडक काढून झाल्यावर उजाड, खारट पाण्याचा तळ उरला होता. कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी १९७१ मध्ये तेथे अनेक जातींची झाडे लावून पाहिली आणि त्यांतली जेमतेम दोन-तीन जगली, त्यांत सुरूचे झाड प्रमुख. सुरूच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतले नत्र धरतात, त्यामुळे तो वाढला. पण त्याच्या सुयांसारख्या पानांचा थर कुजेचना, आणि कुजल्याशिवाय माती होईना. तेव्हा हॅलर यांनी लाल पायांचे पैसे, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींवर दिसतात तसे सहस्रपाद किडे, तेथे आणून सोडले. त्यांनी त्या सुया खाल्ल्या, त्यांच्या विष्ठेतून काळी माती बनली, आणि मग पुढची झाडे लावता आली. आज तेथे हॅलर पार्क आहे. यात लक्षात घेण्यासारखे हे, की दुसऱ्या टप्प्याची झाडे पहिल्या टप्प्याची माती तयार झाल्यावर आली. त्याला दोन-तीन वर्षे पुरली नाहीत.

प्रश्न : माझे मूळ गाव वणी तालुक्यात आहे. गावाशेजारच्या उघड्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडे दिसतात, पण दर पावसात ढिगाऱ्याची माती आमच्या नाल्यात आणि शेतांत येते. यासाठी काही नियम आहेत का? आणि ती जमीन पुन्हा पिकाखाली येऊ शकते का?
— निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : नियम आहेत. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत पायथ्याची भिंत, गाळ अडवणारे चर आणि तळी, वरची माती वेगळी साठवणे अशा अटी असतात आणि त्यांच्या पालनाचा सहामाही अहवाल खाणचालकाला द्यावा लागतो. तो अहवाल माहितीच्या अधिकारातही मागता येतो. कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाण बंद करण्याची योजना आधीच मंजूर करून घ्यावी लागते व त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, दरवर्षी रक्कम ठेवावी लागते. याशिवाय ८ जानेवारी २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने असा आदेश दिला की खाणपट्टाधारकाने खाणीची आणि खाणकामामुळे बिघडलेली इतर जमीन पुन्हा गवताळ करावी, चारा आणि झाडोरा वाढेल अशा स्थितीत आणावी. या आदेशात गवताला दिलेले स्थान मला फार योग्य वाटते, कारण आजवर अहवालांत लावलेल्या झाडांचा आकडाच मिरवला जाई. आपल्या पत्रातला ढिगारा त्याचाच नमुना आहे. वर झाडे आहेत, मधली जमीन उघडी आहे, आणि माती नाल्यात येते. ग्रामसभेने तक्रार करताना झाडांविषयी न लिहिता नाल्यात साठलेल्या गाळाची छायाचित्रे तारखेसह जोडावीत.

आपल्या भागात एक अडचण अधिक आहे. कोळशावरच्या वालुकाश्म व शेलच्या थरांवर काळी कसदार माती असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. सपाट शेतात हा गुण चालतो. ढिगाऱ्याच्या उतारावर पसरली की भेगांतून पाणी आत शिरून ती पोपड्यांसारखी सुटते. तिची जागा माथ्यावर आणि बुजवलेल्या सपाट भागावर आहे. उतारावर मुरूममिश्रित माल व गवत हवे.

पिकाविषयी : बुजवलेली जमीन बसायला काही वर्षे जातात, तोवर तिच्यावर चारा आणि द्विदल पिके घ्यावीत, खालचा दाबलेला थर फोडावा, आणि जमिनीत कर्ब किती वाढला ते मोजत राहावे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने जिल्ह्यातल्या गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना उरणारा गाळ) आणि नत्र स्थिर करणारे जीवाणू व मुळांवरच्या बुरशा वापरून झाडोरा उभा केला. मळी महाराष्ट्रात मुबलक निघते. तेथे जे जमले ते झाडांसाठी होते. धान्याचे पीक घेण्याआधी मातीतील जड धातूंची चाचणी करून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : दरवर्षी आम्ही मित्र मिळून बीजगोळे करतो आणि ट्रेकला जाताना उघड्या डोंगरांवर, खाणींत टाकतो. सुबाभळीचे बी सहज मिळते. याचा उपयोग होतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उघड्या खडकावर टाकलेला गोळा उन्हात तडकतो, मुंग्या व उंदीर बी नेतात, आणि रुजलेच तर मुळाला खाली जायला जागा नसते. ओघळीत, दगडांच्या आडोशाला, जेथे बोटभर का होईना माती साठली आहे तेथे ठेवलेला गोळा मात्र रुजू शकतो. म्हणून फेकू नका, वाकून ठेवा. सुबाभूळ टाळा. ती उगवते खरी, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास तिचे बी टाकणे तर सरळ अपाय आहे. करंज, बहावा, पांगारा, काटेसावर यांच्या शेंगा-बोंडे उन्हाळ्यात शहरातल्या रस्त्यांवरच पडलेली मिळतात. बहाव्याचे कठीण कवच थोडे घासून घ्यावे, नाहीतर ते पहिल्या पावसाळ्यात रुजत नाही. करंजाचे बी ताजेच वापरावे, कारण त्याची उगवणशक्ती वर्षभरात बरीच घटते.